गाडी आपली, विमा दुसऱ्याच्या घरासाठी

खंडेनवमीला आणि दसऱ्याला महाराष्ट्रातील घरोघरची दुचाकी धुऊन-पुसून लख्ख केली जाते. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते, हँडलला झेंडूचा हार पडतो, चाकापुढे नारळ फुटतो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, रिक्षावाल्याची रिक्षा, दूधवाल्याचा टेम्पो या सर्वांना त्या दिवशी मान मिळतो. ज्या साधनावर चरितार्थ चालतो, त्याविषयी कृतज्ञता बाळगणारी ही परंपरा सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु त्याच दिवशी वाहनाचे विमापत्र कपाटातून काढून त्याची मुदत संपली की उरली आहे, हे किती घरांत पाहिले जात असेल? प्रामाणिक उत्तर आपल्याला फारसे भूषणावह ठरणार नाही.

२०२४ साली विमा कंपन्यांच्या परिषदेने सर्वोच्च न्यायालयापुढे जी आकडेवारी मांडली, तिच्यानुसार देशातील सुमारे ५५ टक्के वाहनांचा त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे ज्याला आपण बोलीभाषेत ‘थर्ड पार्टी’ म्हणतो तो, उतरवलेला नव्हता. नोंदणीपुस्तकात असलेली काही वाहने प्रत्यक्षात भंगारात गेलेली असतील, हे मान्य केले तरी उरणारा आकडा लहान नाही. २०२२ या एकाच वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील जवळपास दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होती. ज्या वयात माणूस घर ओढत असतो, ते हे वय. रस्त्यावर प्राण जातात ते कर्त्या माणसांचे, आणि ज्या वाहनांमुळे ते जातात त्यांपैकी कितीतरी वाहनांमागे भरपाईचा आधारच नसतो. हे चित्र केवळ वाहतूक पोलिसांच्या काळजीचा विषय मानणे ही आपली आत्मवंचना आहे.

कायद्याचा हेतू

वाहनाच्या विम्याविषयी आपल्या मनात एक मूलभूत गैरसमज रुजला आहे. विमा म्हणजे आपल्या गाडीची सुरक्षितता, असे आपण धरून चालतो. मग ‘माझी गाडी जुनी झाली, आता तिची किंमत ती काय, तिला विमा कशाला?’ हा प्रश्न ओघानेच येतो. परंतु कायद्याने सक्तीचा केलेला विमा आपल्या गाडीसाठी नाहीच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्यासाठी जो विमा अनिवार्य आहे, तो त्या वाहनामुळे ज्याला इजा होईल त्या परक्या माणसासाठी आहे. हप्ता भरणारा एक आणि लाभ घेणारा दुसराच, अशी ही व्यवस्था आहे. वाहनमालक कधीही न पाहिलेल्या माणसासाठी आगाऊ तजवीज करून ठेवतो, हे तिचे मर्म.

यंत्राचा वेग मानवी जीवनात शिरल्यावर जगभरच्या समाजांना ही तजवीज करावी लागली. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने ती सक्तीची केली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिची तरतूद झाली आणि १ जुलै १९४६ पासून ती अमलात आली. जुन्या कायद्यात विमा कंपनीच्या दायित्वाला रकमेची मर्यादा होती. १९८८ च्या कायद्याने मृत्यू आणि शारीरिक इजा यांच्या बाबतीत ती उठवली. न्यायाधिकरण जेवढी भरपाई ठरवील तेवढी विमा कंपनीने द्यावी, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

या तत्त्वाचे मोल समजण्यासाठी इतरत्र पाहावे. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे कायदे विम्याची किमान रक्कम ठरवून देतात. ज्या कॅलिफोर्नियात आपली असंख्य मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, तेथे एका जखमी अथवा मृत व्यक्तीमागे ही किमान मर्यादा १५ हजार डॉलर होती. ती अनेक दशके तशीच राहिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ३० हजार डॉलर झाली. तेथील वैद्यकीय खर्चापुढे ही रक्कम किती तुटपुंजी आहे, हे तेथे राहणाऱ्या कोणत्याही आप्ताला विचारावे. आपल्या देशातही २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात विमा कंपनीचे दायित्व मृत्यूसाठी १० लाख रुपयांपर्यंत सीमित करण्याचा प्रस्ताव होता. २०१९ साली संमत झालेल्या कायद्यात ती मर्यादा आली नाही, ही समाधानाची गोष्ट होय. कागदावर पाहता आपला कायदा अपघातग्रस्ताच्या बाबतीत उदार आहे. दुर्दैव हे, की ही उदारता विमा असलेल्या वाहनापाशीच सुरू होते आणि तेथेच संपते.

एका गवंड्याचे घर

हे कसे घडते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, तालुक्याच्या गावी बत्तीस वर्षांचा एक गवंडी आहे. महिन्याकाठी १५ हजार रुपये मिळवतो. घरी पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. संध्याकाळी काम आटोपून सायकलवरून परतताना मागून आलेल्या वाहनाच्या धडकेने तो जागीच गतप्राण होतो. चूक सर्वस्वी त्या वाहनचालकाची आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ सालच्या निर्णयांत भरपाईचा हिशेब कसा करावा, हे घालून दिले आहे. त्याप्रमाणे स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या या तरुणाच्या उत्पन्नात भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१ हजार होतात. चार अवलंबित असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक-चतुर्थांश वजा करायचा, म्हणजे १५,७५० उरतात. वर्षाचे झाले १ लाख ८९ हजार. त्याच्या वयाला १६ हा गुणक लागू होतो. गुणाकार येतो ३० लाख २४ हजार रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा याहून वेगळ्या. गेलेला माणूस या रकमेने परत येत नाही. परंतु मुलांचे शिक्षण थांबत नाही, म्हातारीचे औषध बंद होत नाही आणि त्या माउलीवर कोणापुढे पदर पसरण्याची वेळ येत नाही.

आता हीच घटना तीन प्रकारे घडू शकते. वाहनाचा विमा असेल, तर ही ३० लाखांची रक्कम विमा कंपनीला द्यावी लागते. वाहन पळून गेले आणि त्याचा शोधच लागला नाही, तर ‘हिट अँड रन’ योजनेतून २ लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी ही रक्कम अवघी २५ हजार होती. तिसरी शक्यता अशी, की वाहन सापडले, चालक सापडला, मालकाचे नाव-गाव कळले, पण विमा नव्हता. मग न्यायाधिकरण ३० लाखांचा निवाडा मालकाविरुद्ध देते. मालक कोण? दुसऱ्या-तिसऱ्या हाताची जुनी मोटारसायकल वापरणारा तिच्यासारखाच एखादा हातावर पोट असलेला माणूस. त्याच्याकडून ३० लाख वसूल होणार कसे? अपघात करणारे विनाविमा वाहन विकून ती रक्कम अपघातग्रस्तासाठी न्यायाधिकरणाकडे जमा करावी, असे नियम करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सर्व राज्यांना सांगितले. निर्देश योग्यच होता. पण बारा वर्षे वापरलेल्या मोटारसायकलचा लिलाव करून हाती येणार किती?

म्हणजे पळून गेलेल्या वाहनाने मारले तर २ लाख तरी पदरात पडतात आणि पकडलेल्या विनाविमा वाहनाने मारले तर त्या विधवेच्या हाती न्यायालयाचा शिक्का असलेला एक कागद राहतो. गुन्हेगार सापडल्यामुळे पीडिताची अवस्था अधिक वाईट व्हावी, हा न्यायाचा कोणता प्रकार? या व्यवस्थेतील सर्वांत मोठे छिद्र हे आहे आणि निम्म्याहून अधिक वाहने त्याच छिद्रातून निसटत आहेत.

दंड स्वस्त, विमा महाग

माणसे विमा का उतरवत नाहीत? ऐपत नाही म्हणून, असे एक सोपे उत्तर दिले जाते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वार्षिक त्रयस्थ विमा ७१४ रुपयांना मिळतो. कर सोडला तर दिवसाला दोन रुपयेही पडत नाहीत. गावोगाव धावणाऱ्या बहुसंख्य दुचाकी याच गटातील आहेत. पेट्रोल परवडते, मोबाइलचे रिचार्ज परवडते आणि दिवसाचे दोन रुपये परवडत नाहीत, हे पटण्याजोगे नाही.

मोठ्या वाहनांचे गणित मात्र निराळे आहे आणि तेथे दोष कायद्याकडेही जातो. १००० ते १५०० सीसीच्या मोटारीचा याच दरपत्रकातील हप्ता ३,४१६ रुपये, तर साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनाचा १६,०४९ रुपये. विमा नसल्यास कलम १९६ नुसार पहिल्या गुन्ह्याला दंड २ हजार आणि पुढच्या गुन्ह्याला ४ हजार रुपये. तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे, पण केवळ विमा नाही म्हणून तुरुंगात गेलेला वाहनमालक आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? जेथे हप्ता १६ हजार आणि दंड २ हजार, तोही सापडला तरच, तेथे कायदा पाळणारा वेडा ठरतो. व्यवहारी माणसाला कायदा मोडणे किफायतशीर वाटावे, अशी ही रचना आपल्याच विधिमंडळांनी आणि प्रशासनाने चालू दिली आहे.

कधीकधी एक चांगला हेतू दुसऱ्या चांगल्या हेतूच्या आड येतो. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र असल्याखेरीज विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. हवा शुद्ध राहावी, हा उद्देश वंदनीयच होता. परंतु प्रमाणपत्र नाही म्हणून विमा नाही आणि विमा नाही म्हणून अपघातग्रस्ताला भरपाई नाही, अशी साखळी तयार झाली. अखेर २०२४ च्या जुलैमध्ये न्यायालयाने ती अट मागे घेतली. २०१८ साली मात्र न्यायालयाच्याच निर्देशामुळे एक मोठी सुधारणा झाली. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा खरेदीच्या वेळीच घेणे बंधनकारक झाले. पहिली पाच वर्षे त्यामुळे सुरक्षित झाली. सहाव्या वर्षी काय? गाडी तोवर दुकानदाराच्या नजरेआड गेलेली असते, पुष्कळदा मालकही बदललेला असतो. विमा संपतो तो नेमका तेव्हा, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

विमापत्र असूनही

विमा आहे एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्यांनीही काही गोष्टी जाणून घ्यायला हव्यात. आपल्याकडे लग्नाचे वऱ्हाड टेम्पोतून जाते, जत्रेला जाणारी मंडळी पीकअपमध्ये दाटीवाटीने बसतात. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या अशा प्रवाशांची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. अपघात झाला, तर सगळा भार मालकाच्या डोक्यावर. ऊस तोडणीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक चालते. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, त्या उसावर बसून मजूरही चाललेले. ट्रॅक्टरचे विमापत्र शेतीकामापुरते आणि ट्रॉलीचे विमापत्र मुळातच नाही, अशा स्थितीत काही विपरीत घडले, तर त्या मजुराच्या कुटुंबाने दाद कोणाकडे मागावी?

दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीचेही तसेच. केवळ कायद्यापुरते किमान विमापत्र घेतलेले असेल, तर आपल्याच चुकीने मागे बसलेल्या पत्नीला वा मुलाला इजा झाल्यास ते विमापत्र कामी येत नाही. सर्वंकष विमापत्रात ते संरक्षण मिळते. थोडे अधिक पैसे भरून ते घ्यावे, असा सल्ला प्रत्येक कुटुंबवत्सल माणसाला द्यावासा वाटतो.

आणखी एक सावधगिरी. गाडी विकली, पैसे मोजून घेतले, किल्ली दिली आणि विषय संपला, असे आपण समजतो. नोंदणीपुस्तकावरील नाव बदलायचे राहून जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार ज्याचे नाव नोंदणीत आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. कोणा अनोळखी माणसाने चालवलेल्या आपल्या जुन्या गाडीच्या अपघाताची लाखोंची भरपाई आपल्या दारी येऊ शकते.

करायचे काय?

विमा कंपन्या हप्ते घेतात आणि दावे अडवून धरतात, न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षे तारखा पडतात, मग विमा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. म्हणूनच १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनी पोलिसांवर नवे दायित्व टाकले आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली गेली असून तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तोवर पीडित कुटुंबाने विलंब न करणेच हिताचे. २०२५ च्या मे महिन्यात अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची सोय झाली. ही सारी पावले योग्य दिशेची आहेत. परंतु यंत्रणा संथ आहे म्हणून आपण आपले कर्तव्य सोडावे, हा युक्तिवाद पंगतीत वाढपी उशिरा येतो म्हणून स्वयंपाकच न करण्यासारखा आहे.

शासनाने तीन गोष्टी तातडीने कराव्यात. पहिली, दंडाचा आकडा हप्त्याशी जोडावा. विमा चुकवणे कोणत्याही वाहनाच्या बाबतीत विमा उतरवण्यापेक्षा स्वस्त पडता कामा नये, आणि दंडाबरोबर जागेवरच विमा उतरवून घेतल्याखेरीज वाहन सोडू नये. दुसरी, वाहननोंदणी आणि विमापत्रे यांची माहिती आता संगणकावर एकत्र पाहता येते. मुदत संपण्याआधी मालकाला सूचना आणि संपल्यावर नोटीस, हे काम रस्त्यावर शिट्टी वाजवणाऱ्या शिपायावाचून होऊ शकते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, विनाविमा वाहनाच्या बळींना पूर्ण भरपाई देणारा निधी उभारावा. ब्रिटनमध्ये १९४६ पासून सर्व विमा कंपन्यांच्या वर्गणीतून चालणारी अशी संस्था आहे. ती पीडिताला आधी पैसे देते आणि मग दोषी मालकाच्या मागे लागते. वसुलीचे ओझे विधवेच्या खांद्यावर टाकण्याऐवजी ते उचलण्यास समर्थ असलेल्या संस्थेवर टाकायचे, इतका साधा हा विचार आहे. वाहन अपघात निधीची तरतूद आपल्याही कायद्यात आहे. तिचा हात उपचारापलीकडे, भरपाईपर्यंत पोहोचायला हवा.

तथापि, सगळे शासनावर सोपवून मोकळे होणाऱ्या समाजाचे भले होत नाही. महाराष्ट्रात सहकाराचे जाळे गावागावात विणलेले आहे. विकास सोसायट्या, दूध संस्था, पतपेढ्या यांनी आपल्या सभासदांच्या वाहनांची यादी करून हप्त्याची आठवण द्यावी. साखर कारखान्यांनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोहोंचे विमापत्र पाहिल्यावाचून वाहतुकीचा करार करू नये. गणेशोत्सव मंडळांनी दहा दिवसांतील एक संध्याकाळ विमापत्र तपासणीसाठी राखून ठेवावी. महाविद्यालयात मुलाला गाडी घेऊन देणाऱ्या पित्याने किल्लीबरोबर विमापत्राचाही अर्थ त्याला समजावून सांगावा. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

आपल्या संस्कृतीने माणसाला जन्मतःच ऋणी मानले. पितरांचे ऋण आहे, गुरूंचे आहे, समाजाचेही आहे. रस्त्यावर वाहन आणणारा माणूस आणखी एक ऋण अंगावर घेतो. त्याच्या वेगाचा लाभ त्याला मिळतो आणि धोका मात्र पायी चालणाऱ्याला, सायकलस्वाराला, रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीला पत्करावा लागतो. त्या ऋणाची किमान फेड कायद्याने ठरवून दिली आहे आणि दुचाकीसाठी ती दिवसाला दोन रुपयांच्या आतबाहेर आहे. येत्या दसऱ्याला गाडीला हार घालण्यापूर्वी विमापत्राची तारीख पाहावी. संपली असेल, तर पूजा त्यानंतर करावी.